पायाच्या शेगड्याचे झिजलेले जबडे: रॉड मारण्याआधी खालची खीळ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडला फॅब्रिकेशन आणि लूमच्या सुट्या भागांच्या दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप. भंगारातून आणलेला पाच इंची लोहारी शेगडा (लेग व्हाइस), पाय जमिनीपर्यंत जाणारा. जबड्यांच्या वरच्या कडा गोल झाल्यात. दात पुसून गेलेत. पत्रा डावीकडे घट्ट बसतो, उजवीकडे सुटतो. पुढचा जबडा मागच्यापेक्षा अर्धा सूत (सुमारे दीड मिमी) खाली बसतो. वेल्डिंगवाला म्हणतो, हार्डफेसिंगचा, म्हणजे कडक थर चढवायचा रॉड मारून भरून देतो, परत बघायला नको. भरून घ्यावं का?

एवढ्यात नको. या चार तक्रारींपैकी दोनच जबड्याच्या आहेत. एका अंगाला सुटणं आणि पुढचा जबडा खाली बसणं, ही दुखणी बहुतेक वेळा एक फूट खाली, खिळीत असतात. खीळ तशीच ठेवून वर भराई केली तर नवा जबडा जुन्याच वाकड्या चालीने टेकेल, आणि तुम्ही त्या चुकीच्या टेकण्याला जुळवून घासत बसाल. नंतर कधी खीळ बदललीत की घासलेलं सगळं पुन्हा चुकीचं ठरेल.

आधी या शेगड्याची चाल समजून घेऊ. बेंच व्हाइसचा जबडा सरळ मागेपुढे सरकतो, त्यामुळे तो कितीही उघडला तरी समोरच्या जबड्याला समांतर राहतो. पायाच्या शेगड्याचा पुढचा जबडा खालच्या खिळीवर दारासारखा झुलतो. म्हणून दोन्ही जबडे एका ठरावीक उघडीलाच समांतर असतात. त्याहून जास्त उघडले की वरून फाकतात, कमी उघडले की वरच्या कडा जवळ येतात. चांगल्या घडवलेल्या शेगड्यात पूर्ण मिटल्यावर फक्त वरच्या कडा टेकतात आणि तळाशी फट राहते. ती फट म्हणजे दोष समजू नका, ती मुद्दाम ठेवलेली असते.

किती फट हवी ते मोजून काढता येतं. खिळीच्या मध्यापासून जबड्यापर्यंतचं अंतर ३०० मिमी आणि जबड्याच्या तोंडाची उभी उंची २५ मिमी धरा. तळाशी १ मिमी फट ठेवली तर १ गुणिले ३०० भागिले २५, म्हणजे १२ मिमी उघडीला जबडे समांतर येतील. तुमचं रोजचं काम ५-६ मिमी पट्टीचं असेल तर अर्धा मिमी फट पुरते. स्वतःच्या शेगड्याची मापं घालून हा आकडा काढा आणि जबड्यावर खडूने लिहून ठेवा, घासताना तोच लागणार आहे. ही फट न समजल्यामुळे बरेच जण 'मिटल्यावर पूर्ण तोंड टेकलं पाहिजे' म्हणून वरच्या कडा घासून टाकतात. मग पातळ पत्रा वरून कधीच धरला जात नाही.

आता तपासणी. मळसूत्र थोडं सैल करून पुढच्या जबड्याचं टोक हाताने डावीउजवीकडे हलवा. एकदोन मिमी हललं तर चालवून घेता येईल. चारपाच मिमी हललं तर खालचे गाल सैल आहेत. गाल म्हणजे पायाला दोन्ही बाजूंनी असलेल्या त्या पट्ट्या, ज्यांच्या मधे पुढच्या जबड्याचा खालचा भाग बसतो आणि आरपार खीळ जाते. गाल आणि जबड्याची पकड जेमतेम ४० मिमीची असते. तिथली अर्ध्या मिमीची ढिलाई वर ३०० मिमीवर पावणेचार मिमी होऊन दिसते. त्यानंतर जबडा पुढेमागे आणि वरखाली हलवून बघा. तसा हलत असेल तर खिळीचं भोक लांबट झालं आहे किंवा खीळ मधेच बारीक झाली आहे.

भोक का झिजतं? मळसूत्र खिळीपासून २०० मिमीवर आणि जबडा ३०० मिमीवर असेल, तर तुम्ही आवळलेल्या जोरापैकी दोन तृतीयांश कामाच्या तुकड्यावर जातो आणि एक तृतीयांश खिळीवर. प्रत्येक आवळणीला. त्यात भर म्हणजे मुठीच्या दांड्यात पाइप घालून आवळायची सवय, आणि तुकडा नेहमी एकाच कोपऱ्यात धरणं. कोपऱ्यात धरलं की जबडा पिळला जातो आणि एक गाल बाहेर ढकलला जातो. तुमच्याकडे डावी बाजू पकडते आणि उजवी सुटते ती बहुधा यामुळेच. कोपऱ्यातच धरायचं असेल तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात तेवढ्याच जाडीचा तुकडा घालावा. शेगड्यापाशी ३, ५, ६, ८, १० आणि १२ मिमीचे तुकडे तारेत ओवून टांगून ठेवले की ते शोधायचा कंटाळा येत नाही.

खीळ काढताना घाई नको. जुना चौकोनी नट गंजून एकजीव झालेला असतो. रस्टोलीन किंवा डिझेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी नटाच्या चारही बाजूंवर हातोडीने टकटक करा, पुन्हा सोडा. तरीही हलला नाही तर गॅसने फक्त नटाला मंद लाल ताव द्या आणि गरम असतानाच पाना लावा. त्याआधी मळसूत्र आणि त्याची नळी काढून बाजूला ठेवा. बऱ्याच जुन्या शेगड्यांत नळीच्या आतले आटे कापलेले नसतात. चौकोनी पट्टी गुंडाळून आत पितळेने झाळलेली असते. नळीला लाल ताव लागला तर ती झाळ वितळते, आणि ते आटे पुन्हा बसवणं हे जबड्यापेक्षा मोठं काम होऊन बसतं.

भोक लांबट असेल तर सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे ते पुढच्या मापाला मोठं करणं: १६ मिमीचं १८, १८ चं २०. दोन्ही गाल आणि जबडा एकत्र जुळवून, मधे शिम (ढिलाई भरायचे पातळ पत्रे) घालून, आवळून मगच एका दमात आरपार ड्रिल आणि रीमर मारायचा. तिन्ही भोकं वेगवेगळी पाडली तर रेषेत येत नाहीत आणि नवी खीळ पहिल्याच दिवशी अडकते. खीळ ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) च्या सळईतून लेथवर करून घ्या, भोकापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी बारीक. एक गोष्ट लेथवाल्याला बजावून सांगा: आटे फक्त गालाच्या बाहेर. बाजारातला पूर्ण आट्यांचा बोल्ट घातला की त्याचे आटे कानशीसारखे भोक खातात आणि वर्षभरात तुम्ही होतात तिथेच येता. नट दुहेरी लावा किंवा स्प्लिट पिन घाला. आजूबाजूची ढिलाई अर्धा-एक मिमी जाडीच्या पितळी शिमने भरा. नट इतपतच आवळा की मळसूत्र मागे घेतल्यावर दोन्ही जबड्यांमधली कमान (स्प्रिंग) स्वतःच्या जोराने जबडा उघडेल. कमान मेली असेल तर काढून थंडच थोडी जास्त वाकवा, एवढंच.

खीळ नवी बसली की पुढचा जबडा आपोआप वर येतो. अर्धा सुताचा फरक बहुतेक इथेच मिटतो. म्हणून जबड्यांचे माथे समपातळीत आणायला ग्राइंडर लावायचा तो यानंतर, आधी नाही. खीळ आणि गाल नीट होऊनही एका बाजूला दीड मिमीच्या वर फट राहत असेल तर जबडाच पिळला आहे. असा जबडा मळसूत्राच्या भोकाखालच्या दांड्याला नारिंगी ताव देऊन, चिमट्याने उलट पिळून सरळ करता येतो, पण ते काम सराईत लोहाराचं. वरच्या पोलादी तोंडाला तो ताव लागता कामा नये. दीडपेक्षा कमी असेल तर सरळ कानशीने काढा.

आता जबड्याकडे. हे शेगडे बिडाचे नसतात, हीच त्यांची खरी किंमत. अंग घडीव लोखंडाचं किंवा मऊ पोलादाचं, आणि तोंडावर कडक पोलादाची पातळ पट्टी भट्टीत तावून जोडलेली. सोलापुरात १८७७ पासून कापडगिरण्या होत्या, शिवाय रेल्वे आणि जिल्हाभर साखर कारखाने. अशा ठिकाणच्या वर्कशॉपमधले शेगडे दोन तऱ्हांनी झिजतात. फिटरच्या हाताखालचा शेगडा तोंडाच्या मधोमध खोलगट होतो. भट्टीजवळचा शेगडा वरच्या कडेला मार खातो, कारण लाल पट्टी त्याच कडेवर वाकवतात. तुमचा दुसऱ्या जातीचा दिसतो. ही झीज वरवरची असते. पोलाद आत बरंच शिल्लक असण्याची शक्यता चांगली आहे.

ते शिल्लक आहे का, हे बघायला बाजूचं टोक फ्लॅप डिस्कने चकचकीत करा आणि त्यावर फेरिक क्लोराइड किंवा व्हिनेगर लावा. फेरिक क्लोराइडने मिनिटभरात, व्हिनेगरने अर्धापाऊण तासात पोलाद गडद पडतं आणि लोखंड फिकं राहतं. मधली सांध्याची रेघ दिसली की पोलादाची जाडी फुटपट्टीने मोजता येते. रेघ दिसली नाही तर ग्राइंडर लावून ठिणगी बघा. घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, मंद, केशरी रेघांसारख्या जातात. कडक पोलादाच्या आखूड असतात आणि फुलबाजीसारख्या फुटतात. जुनी कानस घासून बघणंही हवंच. कानस घसरली तर तोंडाचं पाणी, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, अजून शाबूत आहे, चावली तर कधीतरी कुणी जबड्यात लाल तुकडे धरून धरून ते उतरवलं आहे.

पोलाद तीन मिमी किंवा जास्त असेल आणि कोपरे पाच मिमीपेक्षा कमी तुटले असतील, तर मी ना भराई सुचवेन ना पट्ट्या. नुसतं घासून घ्या. तोंडावरून एक-दीड मिमी काढलं की बहुतेक जबडे सरळ होतात.

घासायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मागचा, पायाशी एकसंध असलेला जबडा घ्यायचा. तो हलत नाही, म्हणून आधार तोच. गुण्या आणि पट्टी लावून त्याचं तोंड आडवं सरळ आणि माथ्याशी काटकोनात आणा. पाणी शाबूत असेल तर कानस चालणार नाही, ग्राइंडर लागेल. तेव्हा दोनतीन फेऱ्यांनंतर हात लावून बघायचं. हात ठेववत नसेल तर थांबायचं. घासलेल्या जागी पिवळसर झाक आली म्हणजे पारा २०० अंशांच्या पुढे गेला, निळी आली म्हणजे ३०० च्या आसपास. निळं झालं की त्या जागचं पाणी उतरलंच. अख्खं तोंड सारखं मऊ असलेलं परवडतं, ठिपक्याठिपक्यांनी मऊ परवडत नाही, कारण मऊ जागा आधी झिजून खड्डे पडतात. शेवटचा हात नेहमी कानशीचा किंवा सपाट दगडाचा. ग्राइंडरने सपाट तोंड होत नाही, लाटा होतात.

मागचा जबडा झाला की पुढचा त्याला जुळवायचा. मागच्या तोंडावर प्रशियन ब्लूचा पातळ हात द्या, जबडे हलके मिटा, उघडा, पुढच्या तोंडावर जिथे निळं उमटेल तिथेच घासा. तेलात कालवलेला शेंदूर लावायची जुनी रीतही चालते, पण त्या शेंदरात शिसं असतं. हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका. मिटल्यावर निळं फक्त वरच्या कडेने, डावीकडून उजवीकडे अखंड रेघेसारखं उमटलं पाहिजे. मग सपाट जाडीची १२ मिमी पट्टी, किंवा तुम्ही ठरवलेल्या उघडीची, मधे धरून तोंडभर उमटतं का बघा. खडूने लिहिलेला फटीचा आकडा आणि फिलर गेज इथे कामाला येतात. दोन्ही जबड्यांच्या मधे पॉलिशपेपर धरून ओढायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती चमक आणायला ठीक आहे, सरळ करायला नाही. पेपर कडांना जास्त खातो आणि ज्या कडेसाठी एवढा खटाटोप केला तीच पुन्हा गोल करतो.

वरची आतली कड धारदार ठेवू नका, पाव मिमीचा हलका चेंफर मारा. अगदी धारदार कड पहिल्याच हातोडीला तुटते आणि वाकवलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूला चीर पाडते.

दात पुन्हा कोरायचे का? माझं उत्तर नाही असंच आहे. सपाट जबडा पूर्ण तोंडाने टेकला तर दातांशिवाय चांगला धरतो. तुमच्या जुन्या जबड्यात तुकडा घसरत होता तो दात गेल्यामुळे नव्हे. कडा गोल झाल्यावर टेकायला जागाच उरली नव्हती. दात प्रत्येक तुकड्यावर आपली सही करून जातात. गोल पाइप पिळायचा असेल तेव्हा खाच पाडलेली वेगळी टोपी घाला.

कोपरे जास्त तुटले असतील, पोलाद संपलं असेल किंवा सांध्यात चीर असेल, तेव्हाच भराईचा विचार. हार्डफेसिंगचे रॉड कडकपणाच्या आकड्यावर विकले जातात, २५०, ३५० आणि ६०० बीएचएन (ब्रिनेल कडकपणा) अशा श्रेणींत. वेल्डिंगवाला 'आयुष्यभर' म्हणतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा ६०० चा असतो. तो रॉड माती-दगड खाणाऱ्या भागांसाठी आहे. त्याच्या थरात थंड होताना आडव्या चिरा पडतात, आणि अशा कामांत त्या चालवून घेतल्या जातात. शेगड्याच्या कडेवर मात्र हातोडी बसते. तिथून काचेसारख्या कपच्या उडतात, थेट डोळ्यांकडे. शिवाय तो कानशीने घासता येत नाही, आणि काम घासताना कानस जबड्याला लागली की कानशीचे दात जातात. जबडा असा असावा की नवी कानस कष्टाने का होईना, चावेल. त्यासाठी ७०१८ चा (कमी हायड्रोजनवाल्या वेल्डिंग रॉडचा) थर पुरतो. फार तर वरचा एक थर २५० ते ३५० बीएचएनचा.

७०१८ लावतानाही तीन गोष्टी चुकतात. पहिली, ओलसर रॉड. पाकीट उघडं राहिलं की तो हवेतली ओल ओढतो आणि तीच ओल वेल्डमध्ये हायड्रोजन सोडून चिरा पाडते. ओव्हनमध्ये साधारण ३०० अंशांवर तास-दोन तास भाजावा लागतो, पाकिटावर नेमका आकडा असतो. उन्हात पसरून ठेवलेला रॉड सुकत नाही. सोलापूरचं ऊन कितीही कडक असलं तरी ते ४३ अंश, ३०० नव्हे. दुसरी, जबडा न तापवता वेल्ड करणं. खाली कडक पोलाद आहे. थंड जबड्यावर वेल्ड टाकला की त्याच्या लगतची रेघ झटक्यात थंड होऊन काचेसारखी होते, आणि काही दिवसांत अख्खा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो. जबडा २०० ते २५० अंशांपर्यंत सारखा तापवा. घासलेल्या जागी फिकट पिवळी झाक आली की झालं. तिसरी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात ओढलेला वेल्ड. ३०-४० मिमीचे तुकडे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, प्रत्येकावरची मळी पूर्ण काढून, गरम असतानाच हलकी हातोडी. ३.१५ मिमी रॉडला ९० ते १३० अँपिअर, डीसी, रॉड पॉझिटिव्हला. छोट्या एसी ट्रान्सफॉर्मरवर साधा ७०१८ चिकटत राहतो. वेल्डिंगवाला त्यावरच करतो म्हणाला तर दुसरा शोधा. शेवटी जबडा कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर ठेवा. पाण्यात बुडवायचा नाही, ओल्या गोणपाटातही गुंडाळायचा नाही.

वेल्ड टाकण्याआधी चीर गेलेलं, सुटलेलं पोलाद पूर्ण काढलं पाहिजे. चिरेवर वेल्ड टाकणं म्हणजे चीर झाकणं, आणि ती वर येतेच. घडीव लोखंडावर वेल्ड करताना त्यातली मळी उकळून बाहेर येते आणि भोकं दिसतात. घाबरू नका, घासून दुसरा थर टाका.

भराई नको असेल तर पट्ट्या. पाचइंची जबड्यासाठी मला हाच मार्ग भराईपेक्षा बरा वाटतो, कारण पुढच्या वेळी फक्त स्क्रू काढून पट्टी बदलता येते. पण इथे एक हमखास चूक होते: जुन्या तोंडावरच दोन्हीकडे दहा-दहा मिमी पट्ट्या ठोकून देतात. आता मघाचा हिशेब आठवा. वीस मिमी जाडी वाढली म्हणजे मिटल्यावरही जबडा वीस मिमी उघडाच आहे. ३०० मिमीवर २० मिमी, म्हणजे २५ मिमी उंचीच्या तोंडावर १.७ मिमीचा तिरकेपणा. पट्ट्या तळाशी आधी टेकतात, वरून फाकलेल्या राहतात आणि पातळ काम धरतच नाहीत. म्हणून तोंड आत कापून त्या जागी पट्टी बसवायची. प्रत्येक जबड्यातून ५ मिमी काढून ८ मिमी पट्टी लावली, तर आधीच्या झिजेची भर धरून फरक किरकोळ उरतो. तो पट्टीच्या तोंडाला तळाशी किंचित जास्त घासून निघून जातो.

कापताना तळाशी ३ मिमीची पायरी शिल्लक ठेवा, पट्टी त्या पायरीवर बसली पाहिजे. वरून हातोडी मारली की मार पायरीने घ्यायचा, स्क्रूने नाही. पायरी नसेल तर महिन्याभरात स्क्रूची डोकी तुटतात. पुढचा जबडा सुटा होतो, तो कुठल्याही मिलिंगवर बसेल. मागचा जबडा मीटरभर पायासकट असतो, त्याला लांब टेबलाचं मशीन किंवा जुना शेपर शोधावा लागतो. मिळाला नाही तर कटिंग व्हीलने ५ मिमी खोल आडव्या रेघा मारा, मधल्या पाकळ्या छिन्नीने उडवा, उरलेलं कानशीने. दीड-दोन तासांचं काम आहे, पण होतं.

पट्टीसाठी ईएन ८ पुरे. पाणी देऊ नका. पातळ लांब पट्टी पाणी देताना वाकते, मग ती सरफेस ग्राइंडरवर न्यावी लागते. मऊ ईएन ८ ची पट्टी छोट्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं टिकते. ट्रकच्या कमानपाट्यातून करायची असेल तर पाटा आधी लाल तावावर सरळ करून राखेत मऊ करून घ्या, नाहीतर ड्रिल जळतील. जुन्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असतात. रॉकेल लावून पंधरा मिनिटं ठेवा, कोरडं पुसा, वर खडू फासा. चीर असेल तर खडूवर ओली रेघ उमटते.

प्रत्येक पट्टीला एम ६ चे तीन काउंटरसंक ॲलन स्क्रू. जबड्यात ५ मिमी ड्रिल, १५ मिमीच्या वर खोल आटे. डोकी पट्टीच्या तोंडाच्या अर्धा मिमी आत राहिली पाहिजेत. भोकं पट्टी आणि जबडा एकत्र क्लॅम्प करून पाडा, मोजून वेगवेगळी पाडू नका.

यातलं काहीच लगेच जमत नसेल तर ५० बाय ५० बाय ६ च्या अँगलचे पाच इंची दोन तुकडे घ्या, बाहेरचा कोपरा किंचित घासून घ्या आणि टोपीसारखे जबड्यांवर ठेवा. गोल झालेली कड झाकली जाते आणि वाकवायला सरळ कड मिळते. अशाच टोप्या ॲल्युमिनियमच्याही करून ठेवा. धोट्याची टोकं, पितळी बुश, पॉलिश केलेले शाफ्ट अशा लूमच्या कामांना लोखंडी जबडा थेट लावूच नये, मग तो कितीही नवा असो.

लूमचा विषय निघालाच आहे तर, शेजारच्या शेडमध्ये माग चालू असतील तर हे ग्राइंडिंग आणि वेल्डिंग अंगणात करा. तुळयांवर आणि वायरींवर बसलेली कापसाची रुई एका ठिणगीने पेटते, आणि ती आग शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघता बघता पळते.

शेगडा परत बसवताना पाय कशावर टेकतो ते बघा. पाय अधांतरी असेल तर हातोडीचा सगळा मार टेबलाच्या पट्टीवर, गालांवर आणि खिळीवर जातो, आणि तुम्ही आत्ताच नवी केलेली खीळ पुन्हा सैल होते. जमिनीत काँक्रीटमध्ये भोक ठेवून, किंवा शहाबादी फरशीत खाच पाडून पायाचं टोक त्यात घट्ट बसवा. टेबलाला धरणारी पट्टी शेगडा उभा ठेवण्यापुरती आहे, वजन पायाने घ्यायचं. जबड्याचा माथा तुमच्या कोपराच्या उंचीला.

सगळं बसल्यावर वर्तमानपत्राच्या कागदाच्या दोन पट्ट्या दोन्ही कोपऱ्यांत धरा, एका बोटाने आवळा आणि ओढून बघा. दोन्ही सारख्याच अडकल्या तर काम झालं. एक सुटली तर आधी खिळीचा नट तपासा, मग कानस उचला. आठवडाभर वापरल्यावर खिळीचा नट आणि पट्ट्यांचे स्क्रू एकदा पुन्हा आवळा. नव्या जागा बसताना हमखास थोड्या सैल होतात.